लखोट्यावरचा इतिहास : दुर्मीळ टपालतिकिटे आणि आपला परिसर



 आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने टपालतिकिटांवर बोलावे, हे वरवर विचित्र वाटते. मी तिकिटांचा संग्राहक नव्हे. माझ्या अभ्यासाचा विषय जुना मराठी पत्रव्यवहार हा होता. मायना, मजकूर, समाप्ती, मोडीचे वळण, पत्र कुठून निघाले आणि कुणाच्या हाती पडले, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले. पत्राच्या मागे लागलेल्या माणसाला लखोट्याकडे पाहावेच लागते आणि लखोट्याकडे पाहताना तिकीट आडवे येते. तिकिटांच्या जगात जे दुर्मीळ मानले जाते, त्याची थोडी ओळख करून द्यावी, आणि त्या दृष्टीने आपल्या बालाघाटच्या परिसराकडे पाहावे, एवढाच माझा हेतू आहे.

तिकिटापूर्वी आणि तिकिटानंतर

टपालतिकीट ही कल्पना फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांच्या सूचनेवरून ६ मे १८४० पासून काळ्या रंगाचे एक पेनीचे तिकीट वापरात आले. तोपर्यंत पत्राचे पैसे बहुधा घेणारा देत असे, आणि ते अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरत. पैसे पाठवणाऱ्याने आधीच द्यावेत, दर वजनावर असावा, आणि पैसे पोचल्याची खूण म्हणून कागदाचा एक चिकटणारा तुकडा पत्रावर लावावा, एवढीच ती कल्पना. साधीच, पण तिने गरिबाला पत्र पाठवणे शक्य केले.

आशिया खंडातले पहिले चिकटतिकीट आपल्या उपखंडातच निघाले. सिंध प्रांताचे आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी १ जुलै १८५२ रोजी अर्ध्या आण्याचे तिकीट सुरू केले. त्यावर ‘सिंदे डिस्ट्रिक्ट डाक’ अशी इंग्रजी अक्षरे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी चिन्ह आहे. मराठी वाचकाची येथे गल्लत होण्याचा संभव आहे, म्हणून सांगतो: या ‘सिंदे’चा ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी संबंध नाही, तो सिंध शब्दाचा त्या काळचा इंग्रजी अवतार. हे तिकीट तीन प्रकारचे निघाले. एक लाखेसारख्या लाल चकतीवर उठवलेले. ते ठिसूळ असल्यामुळे वाटेतच तडकत असे. दुसरे पांढऱ्या कागदावर पांढऱ्याच उठावाचे. ते मिणमिणत्या उजेडात दिसत नसे. म्हणून तिसरे निळ्या रंगात निघाले. त्यांतले लाल आज सर्वांत दुर्मीळ आहे. जे ठिसूळ होते तेच नाहीसे झाले, म्हणून उरले त्याला मोल आले.

१ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच तिकीटपद्धती लागू झाली आणि सिंधचे तिकीट बंद पडले. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पत्र शेजारच्या गावी जावो की पेशावरला. आपल्या भागाच्या दृष्टीने ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि लॉर्ड डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातला भोसल्यांचा मुलूख कंपनीच्या हाती जातो न जातो, तोच राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याचे तिकीट इकडे आले. जासूद आणि हरकारे यांचा काळ संपून टपालखात्याचा काळ सुरू झाला तो असा. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, आणि १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून आपला बालाघाट जिल्हा बनला. जिल्ह्यापेक्षा तिकीट तेरा वर्षांनी वडील आहे!

चुकीचे मोल

जगातील दुर्मीळ तिकिटांची यादी पाहिली तर एक गमतीची गोष्ट ध्यानात येते. त्यांतील कित्येक तिकिटे मोलाची ठरली ती कारागिराच्या चुकीमुळे.

१८५४ च्या मालिकेतील चार आण्यांचे तिकीट कलकत्त्यास दोन रंगांत छापले गेले: चौकट लाल, राणीचा मुखवटा निळा. दोन रंगांसाठी कागद दोनदा यंत्राखालून जाई. दुसऱ्या वेळी काही कागद उलट बाजूने सरकवले गेले आणि राणीचे डोके चौकटीत खाली आले. अमेरिकेचे उलट्या विमानाचे प्रसिद्ध तिकीट १९१८ चे; आपले उलट्या डोक्याचे तिकीट त्याच्याही चौसष्ट वर्षे आधीचे. राणीचे डोके उलटे झाल्याचे त्या काळी कोणाच्या ध्यानातही आले नाही. टपालवाल्यांनी त्यावर शिक्के मारले, पत्रे पोचली, आणि पुढे अनेक वर्षांनी संग्राहकांना त्या चुकीचा शोध लागला.

स्वीडनमध्ये १८५५ साली तीन स्किलिंगचे तिकीट हिरवट छापायचे होते. एक प्रत आठ स्किलिंगच्या पिवळ्या रंगात निघाली. तशी दुसरी प्रत अद्याप सापडलेली नाही. १८८५ च्या सुमारास एका शाळकरी मुलाला ती आजीच्या जुन्या पत्रांत मिळाली आणि त्याने ती सात क्रोनरला विकली. दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानाचे १८५६ सालचे एक सेंटचे किरमिजी तिकीटही असेच एकुलते एक. तेही १८७३ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाला घरातल्या कागदपत्रांत सापडले. त्याला सहा शिलिंग मिळाले. जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तेच तिकीट सुमारे ८३ लाख डॉलरला गेले. शाळेच्या व्यासपीठावरून हे मुद्दाम सांगतो: जगातील दोन अत्यंत मौल्यवान तिकिटे शाळकरी मुलांच्या हाती लागली, आणि दोन्ही घरातल्या जुन्या कागदांतून.

आपल्या आसपासच्या संस्थानांनीही चुकांची भर घातली आहे, आणि त्या भाषेच्या अभ्यासकाला अधिक जवळच्या वाटतात. भोपाळच्या शाहजहान बेगमांच्या राज्यात १८७० च्या दशकात जी तिकिटे निघाली, त्यांच्या मध्यभागी उर्दू अक्षरे उठवलेली असत आणि भोवती इंग्रजीत बेगमांचे नाव असे. पानावरचे प्रत्येक तिकीट दगडावर हाताने वेगळे काढलेले. लिहिणाऱ्याला इंग्रजी अक्षरांचा सराव नसावा. कुठे ‘बेगम’मधले शेवटचे अक्षर बदलून ‘बेगन’ झाले, कुठे ‘नवाब’मधला स्वर गळाला. एका पानावर एकच नाव अनेक परींनी लिहिलेले! ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारची तऱ्हा निराळी. ब्रिटिश टपालाशी करार करणाऱ्या सहा संस्थानांपैकी ते एक. १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर संस्थानचे नाव इंग्रजीत आणि देवनागरीत छापून ती वापरली जात. १८९५ च्या सुमारास सरकारी कामाच्या तिकिटांवर ‘ग्वालियर सरविस’ असे छापायचे होते. खिळे जुळवणाऱ्याच्या हातून अक्षरांची अदलाबदल झाली आणि काही तिकिटांवर ‘सरविस’चे ‘सरसिव’ झाले. काहींवर चौथे अक्षरच गळाले. मुद्रितशोधनाचे कष्ट ज्यांनी केले आहेत, त्यांना या चुकीबद्दल हसू येण्याऐवजी आपुलकीच वाटेल.

दतियाच्या तिकिटांवर गणपती आहे आणि वर महाराजांच्या मोहरेचा निळा गोल शिक्का. इंदूरच्या होळकरांनी १८८६ मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांची छबी असलेले तिकीट काढले. पुण्याजवळच्या भोरच्या पंतसचिवांनी १८७९ मध्ये हाताने ठसा मारून किरमिजी तिकिटे काढली, आणि १९०१ मध्ये शंकरराव पंतसचिवांच्या चित्राचे आणखी एक. ही तिकिटे त्या त्या संस्थानाच्या सीमेतच चालत. सीमेबाहेरच्या पत्राला ब्रिटिश तिकीट लागे. छपाई ओबडधोबड, कागद साधा. परंतु पारतंत्र्याच्या त्या काळात आपले नाव आपल्या लिपीत छापून ते पत्रावर चालवण्याचा मर्यादित का होईना अधिकार ज्यांना होता, त्यांनी तो कसा वापरला, याची ही कागदी साक्ष आहे.

शेजारचे नांदगाव

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. दुर्मीळ तिकिटांसाठी गयाना किंवा स्वीडनपर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्याकडून गोंदियाला जाऊन कलकत्त्याची गाडी पकडावी. डोंगरगड मागे टाकले की राजनांदगाव येते. १ नोव्हेंबर २००० पासून ते छत्तीसगड राज्यात आहे. तेथील संस्थानाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात स्वतःची टपालतिकिटे काढली होती. आपल्या शाळांतून किती मुलांना हे ठाऊक आहे?

नांदगावचे संस्थान इतरांहून वेगळे होते. तेथील गादी वैष्णव बैरागी महंतांची. अठराव्या शतकात, छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलात असताना, या मठाला मुलूख मिळत गेला. मूळ परंपरा गुरूनंतर शिष्य अशी होती. ब्रिटिशांनी १८६५ मध्ये महंत घासीदास यांना मांडलिक संस्थानिक म्हणून मान्यता दिली. महंत बलरामदास १८८३ मध्ये गादीवर आले. त्याच सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली होती; त्यांच्या काळात नांदगावात कापडाची गिरणी उभी राहिली. रेल्वे, गिरणी आणि टपाल ही नव्या काळाची तीन लक्षणे त्या लहानशा मठ-संस्थानात एकाच पिढीत अवतरली.

पहिली तिकिटे दोन किमतींची: अर्ध्या आण्याचे निळे आणि दोन आण्यांचे गुलाबी. पुढे नवी तिकिटे निघाली. ती राजनांदगावच्याच बलराम प्रेसमध्ये छापली गेली, आणि त्यांत अर्ध्या आण्याचे हिरवे होते. कडेला भोकांच्या रांगा नाहीत; कात्रीने कापून घ्यायची. काही तिकिटांवर लंबगोलात तीन इंग्रजी आद्याक्षरे छापलेली दिसतात: एम, बी, डी. म्हणजे महंत बलरामदास. महंतांनी आपले नाव रोमन लिपीत आणि राज्याचे नाव नागरीत लिहावे, यात त्या काळाची सगळी कुतरओढ सामावली आहे. मोजकी काही वर्षे ही तिकिटे चालली आणि मग संस्थानचे टपाल ब्रिटिश टपालखात्यात विलीन झाले.

राजनांदगावचे नाव मराठी माणसाने आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावे. याच संस्थानच्या राजवाड्यात पुढे दिग्विजय महाविद्यालय उभे राहिले आणि तेथे १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध यांनी अध्यापन केले. घरी मराठी बोलणारा हा कवी हिंदीत युगप्रवर्तक ठरला, आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात राहून मराठीत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक म्हणून मान्यता पावले. या प्रदेशात भाषेच्या सीमा घराच्या उंबरठ्यावरून जातात, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

तिकीट उरले, पत्र गेले

नांदगावची कोरी तिकिटे आजही संग्राहकांत फिरताना दिसतात. प्रत्यक्ष पत्रावर लागून प्रवास केलेले नांदगावचे तिकीट, त्यावरचा टपालशिक्का आणि पत्त्यासह असलेला लखोटा मिळणे मात्र फार कठीण आहे. त्याला कारण आहे. संस्थानी तिकिटांना युरोपात मागणी आली, तसे काही संस्थानांनी ती केवळ विकण्यासाठी छापली. फरीदकोटने तर जुनी तिकिटे पुन्हा छापून विकल्याचे प्रसिद्ध आहे. म्हणून सुटे तिकीट फारसे बोलत नाही. ते पत्रावर लागले होते का, कोणत्या गावाहून कोणत्या गावी गेले, किती दिवसांत पोचले, हे सांगतो तो लखोटा. आणि आपल्या घरांत नेमका तोच टिकला नाही. तिकिटे जमवणाऱ्या मुलाने कोपरा कापून घेतला, उरलेला कागद चुलीत किंवा रद्दीत गेला.

याच्या उलट एक उदाहरण देतो. मॉरिशस बेटाने १८४७ मध्ये ‘पोस्ट ऑफिस’ ही अक्षरे असलेली तिकिटे काढली. ती जगातील अतिदुर्मीळ तिकिटांत गणली जातात. तशी एक पेनीची दोन तिकिटे लावलेले एक पत्र १८५० च्या जानेवारीत मॉरिशसहून मुंबईला निघाले. ते तेथील बायबल सोसायटीच्या चिटणीसांना होते. जवळजवळ अर्धे शतक ते कागदांत पडून राहिले आणि १८९७ मध्ये हिंदुस्थानातल्या एका बाजारात सापडले. कोणी ती तिकिटे कापून काढली नव्हती, म्हणूनच आज ते ‘बॉम्बे कव्हर’ या नावाने जगभर ओळखले जाते.

स्वतंत्र भारतातील सर्वांत दुर्मीळ तिकिटाची कथाही ऐकण्यासारखी आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींच्या स्मरणार्थ चार तिकिटे निघाली. त्यांवर ‘बापू’ हा शब्द नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत आहे. छपाई मात्र स्वित्झर्लंडमध्ये झाली. गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी या तिकिटांच्या प्रत्येकी अवघ्या शंभर प्रतींवर ‘सर्व्हिस’ असे छापले गेले. त्यांतील दहा रुपयांच्या चार तिकिटांची एक पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. ज्या महात्म्याने वापरलेल्या पाकिटाची कोरी बाजूही लिहिण्यासाठी वाया जाऊ दिली नाही, त्याच्याच तिकिटाला ही किंमत यावी! पुढे २०११ मध्ये टपालखात्याने त्यांचे शंभर रुपयांचे तिकीट खादीच्या कापडावर छापले. ते अधिक शोभले, असे मला वाटते.

खादीप्रमाणे चंदनाच्या वासाचे तिकीटही आपल्याकडे २००६ मध्ये निघाले, गुलाबाच्या वासाचे त्यानंतर लगेच. शेजारच्या भूतानने १९७० च्या दशकाच्या आरंभी चक्क वाजणारी तबकडीच तिकीट म्हणून काढली, जिच्यातून राष्ट्रगीत ऐकू येई. हे नवल पाहावे, त्याचा आनंद घ्यावा. पण ही नवलाई ठरवून केलेली आहे. ‘सरसिव’ छापणाऱ्या कारागिराने काही ठरवले नव्हते, आणि नांदगावच्या छापखान्यातल्या माणसाला आपण इतिहास छापतो आहोत याची कल्पना नव्हती. इतिहासाच्या दृष्टीने माझा ओढा या न ठरवलेल्या वस्तूंकडे आहे.

आपल्या हाती काय आहे

श्रोतेहो, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. सोयरिकी तिकडे आणि राजधानी भोपाळला, अशी आपली स्थिती झाली. त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या काळात इथल्या मराठी घरांतून नागपूर, भंडारा, गोंदिया, अमरावतीकडे जी पत्रे गेली-आली, त्यांतच आपल्या मराठीचा खरा इतिहास आहे. लग्नाच्या बोलाचाली, धानाचे भाव, भरवेलीच्या खाणीवरची नोकरी, माहेरी आलेल्या लेकीची खुशाली. आणि सगळ्याच्या वर ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. जुनी पत्रे मोडीत, नंतरची बाळबोधीत, आणि अगदी अलीकडची मराठी मजकूर पण हिंदी पत्ता अशी. एका लखोट्यावर दोन भाषा! ही पत्रे कोणत्याही ग्रंथात नाहीत. ती आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. वडीलधारे गेले की घर आवरले जाते आणि ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. नातवंडांचे शिक्षण हिंदी-इंग्रजीतून झालेले असते. मोडी तर दूरच, आजोबांचे बाळबोध अक्षरही त्यांना लागत नाही. जे वाचता येत नाही ते टाकून देणे, हे स्वाभाविक आहे. पण त्यामुळे जे जाईल ते परत येणार नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून टपालखात्याची रजिस्टर पत्राची वेगळी सेवाही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. पत्र लिहिणारी शेवटची पिढी आता माझ्या वयाची आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना काही साध्या विनंत्या करतो. घरातली जुनी पाकिटे, कार्डे आणि अंतर्देशीय पत्रे यांवरची तिकिटे कापू नका, पाण्यात भिजवून सोडवू नका. फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंदिस्त करू नका. पत्र त्याच्याच पाकिटात राहू द्या. टाचणी गंजते, ती काढा. दमट भिंतीपासून दूर, कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवा. वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेनीने एवढेच लिहा: कोणी, कोणाला, कोठून, केव्हा. हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना आजच विचारा. आणि शाळेच्या ग्रंथालयाने एक कपाट या पत्रांसाठी राखून ठेवावे, मूळ पत्र देता येत नसेल त्यांच्याकडून छायाप्रत घ्यावी, आणि दरवर्षी आठ-दहा मुलांना मोडी वाचायला शिकवावे. खर्च फार नाही. महिन्याभराच्या सरावाने मोडी अक्षर लागू लागते.

या कपाटात एखादे कोट्यवधींचे तिकीट सापडेल, असे आमिष मी दाखवणार नाही. बहुधा सापडणार नाही. पण नांदगावच्या हिरव्या तिकिटासह एखादा संपूर्ण लखोटा, किंवा वैनगंगेकाठच्या एखाद्या आजीने मुलाला लिहिलेले मराठी कार्ड सापडले, तर या जिल्ह्याच्या इतिहासाचे एक पान आपण भरले असे होईल.